चेपलेल्या डब्यांचा बंदोबस्त

सोमवार, ३ फेब्रुवारी

छापखान्याला कुलूप लागून चार महिने झाले. ही ‘बंद पडला’ म्हणते, मी ‘तूर्त थांबवलाय’ म्हणतो. माळ्यावर आपल्याच छापखान्यातल्या कोऱ्या दैनंदिन्यांचा गठ्ठा होता. दातांच्या एका डॉक्टरसाठी छापल्या होत्या, पण त्याची जाहिरात उलटी छापली गेली आणि त्याने त्या घेतल्याच नाहीत. त्यातली एक आजपासून वापरायला काढली.

आज स्वयंपाकघराची फेररचना केली. बरेचसे डबे अर्धे-पाव भरलेले, उगाच जागा अडवून बसलेले. एकातलं दुसऱ्यात ओतून सात डब्यांचे तीन केले आणि हिला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ त्या मोकळ्या फळीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कौतुक करेल. ती म्हणाली, “अहो, तुम्ही जरा बाहेर का पडत नाही?”

मग तिने अन्नपेढीचा विषय काढला. गरजू कुटुंबांना तिथे पीठ, तेल, डबाबंद वस्तू वाटतात. हिची एक शाळेतली मैत्रीण मोठ्या हॉस्पिटलातून मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाली, ती ही पेढी चालवते. सगळे तिला नर्सबाईच म्हणतात. तिला म्हणे एक शिस्तीचा माणूस हवाय. “तिने तुमचंच नाव घेतलं,” ही म्हणाली.

थोडे आढेवेढे घेऊन मी हो म्हटलं. पण हिला बजावलं की मी तिथे द्यायला जातोय, घ्यायला नाही. मागच्या महिन्यात हिच्या भावाने न विचारता पीठ-तांदळाची पोती पाठवली होती. ज्या गाडीने आली त्याच गाडीने मी ती परत पाठवली, आणि वर दोन दिवस जेवलो नाही. ही रडली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. उपाशी राहीन, कुणाचं फुकटचं खाणार नाही.

“माहीत आहे,” ही म्हणाली. “म्हणूनच तर.”

म्हणूनच तर काय, ते विचारायचं राहून गेलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. पेढी एका गॅरेजच्या मागे, जुन्या फर्निचरच्या दुकानात आहे. भिंतीवर अजून ‘सोफ्यावर बसू नये’ अशी पाटी आहे, सोफा मात्र नाही. लोखंडी फळ्या, मधे लांब टेबल, आणि दाराशी एक वजनकाटा, जो कशाचंही वजन थोडं कमीच दाखवतो.

नर्सबाईंचा आवाज अजून हॉस्पिटलातलाच आहे. “उठा!” म्हणाल्या तर भूल दिलेला माणूसही उठेल. दुसरा माणूस म्हणजे गाडीवाला. दुकानादुकानांतून उरलेला माल गोळा करून आणतो. अंगाने दांडगा म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. भरलेली पेटी तो एका हाताने उचलतो आणि दुसऱ्या हाताने चहा पितो.

माझ्याकडे डबे तपासायचं काम आलं. इथला एक नियम मला फार आवडला. चेपलेला डबा कुटुंबांना द्यायचा नाही. आतला माल चांगलाच असतो, पण गरजवंताला चेपलेली वस्तू दिली की ‘तुझ्यासाठी हेच बरं’ असं म्हटल्यासारखं होतं. मग चेपलेल्यांचं करायचं काय? तर काम करणाऱ्यांनी ते घरी न्यायचे.

“मी डबाबंद खात नाही, डॉक्टरांनी बंद केलंय,” पैलवान म्हणाला.

“माझ्याकडे ठेवायला जागा नाही,” नर्सबाई म्हणाल्या. “तुम्ही नेलेत तर उपकार होतील. नाहीतर कचऱ्यात जायचे.”

अन्न कचऱ्यात जाताना बघवत नाही. घेतली पिशवी. हे फुकटचं खाणं झालं नाही, ही विल्हेवाट झाली, हे मी घरी येताच हिला स्पष्ट केलं. “अगदी बरोबर,” ही म्हणाली. “उपकारच करायचे तर उद्यापासून मोठी पिशवी न्या.”

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दर गुरुवारी वाटप असतं. रांग गॅरेजच्या फाटकापर्यंत गेली होती. सगळ्यात पुढे लोकरी टोपी घातलेल्या एक आजी होत्या. मी त्यांच्या पिशवीत घेवड्याचा डबा ठेवला, तो त्यांनी काढून परत टेबलावर ठेवला.

“घेवडा नको. वाटाणे द्या.”

“आजी, मिळतंय ते घ्यावं माणसाने.”

“का बरं? गरज आहे म्हणून जीभ काय घरी काढून ठेवू?”

मागची सगळी रांग हसली. नर्सबाईंनीही वाटाणेच द्यायला लावले. इथे लोक निवडून घेतात, हे मला नवीन होतं.

एक कोटवाले गृहस्थ दारापर्यंत यायचे, घड्याळात बघितल्यासारखं करायचे आणि परत जायचे. शेवटी गेलेच. मी नर्सबाईंना म्हटलं, “गरज आहे तर सरळ आत यावं की. लाजायचं काय त्यात? चोरी थोडीच करतोय?”

नर्सबाई हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. “खरंच असं वाटतं तुम्हाला?”

“म्हणजे काय! पोटापुढे कसला आलाय मान?”

“हे जरा घरी जाऊन मोठ्याने बोला,” त्या म्हणाल्या. काय ते कळलं नाही, पण घरी येऊन बोललो. हिला एकदम ठसका लागला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

गेल्या काही दिवसांत घरखर्च फार कमी झालाय, असं माझ्या लक्षात आलं. मी फळी आवरल्याचाच हा परिणाम. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, “तुमच्यामुळेच चाललंय घर.” बायकोच्या तोंडून असं ऐकायला तीस वर्षं लागतात.

मात्र तिचं वागणं थोडं बदललंय. कोपऱ्यावरच्या वाण्याचं दुकान आलं की ती समोरच्या फुटपाथवर जाते. त्याच्याशी काही बिनसलं असावं. हातातल्या बांगड्याही दिसत नाहीत. म्हणाली, पॉलिशला दिल्यात. पॉलिशवाला भलताच निवांत दिसतो. शिवाय तिची भूक कमी झालीय. मला वाढते आणि म्हणते, “तुम्ही जेवा, मी मघाशीच खाल्लं.” या वयात बायकांना वजनाचं वेड लागतं म्हणतात, ते खरं असावं.

आज आणलेला चेपका अननस मात्र तिने माझ्याबरोबर बसून खाल्ला. डबा उभा धरून रसही प्यायली. इतकी खूश तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मला बरं वाटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पेढीत एक गंभीर गोष्ट निदर्शनास आली. डबे फार चेपतात. मी रोज मोठी पिशवी भरून घरी नेतो, म्हणजे तेवढा माल गरजूंच्या हातून जातो! इतके दिवस हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

मी उभा राहून कारण शोधलं. पैलवान पेट्या एकावर एक चढवतो, खालच्या डब्यांवर भार येतो. कागदाची रिमं अशी रचली असती तर माझा छापखाना पहिल्याच वर्षी बुडाला असता. उपाय साधा आहे. प्रत्येक फळीला लाकडी पट्टी, दोन थरांमध्ये पुठ्ठा, आणि जड माल खाली.

नर्सबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. “एवढी घाई काय आहे? चेपू देत की थोडे.”

“थोडे?” मी म्हटलं. “बाई, थेंबे थेंबे तळं साचतं.”

पैलवान म्हणाला, “साहेब, तळं कुणाची तरी तहान भागवत असेल.” गाडी चालवता चालवता माणूस तत्त्वज्ञ होतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पट्ट्या ठोकल्या. अंगठ्यालाही ठोकलं. पुठ्ठे उद्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

विजय! आज एकही डबा चेपला नाही. छापखाना थांबवल्यापासून इतका आनंद झाला नव्हता. रिकामी पिशवी झेंड्यासारखी हातात धरून घरी आलो.

“एकही नाही?” हिने विचारलं.

“एकसुद्धा नाही!”

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, दम लागला असेल. जेवायला पातळ सूप होतं, इतकं पातळ की ताटलीवरची नक्षी स्पष्ट दिसली. हिने तेही घेतलं नाही. नंतर बाल्कनीत जाऊन नर्सबाईंना फोन केला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. बायकांना विषयांची कमी नसते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काहीतरी शिजतंय.

सकाळी पैलवान माझ्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. दोन्ही हातांत पेटी, गुडघ्याइतक्या उंचीवर. माझ्याकडे बघितलं आणि पेटी सोडून दिली. “घामाने हात सटकला,” म्हणाला. बाहेर अशी थंडी की बोलताना तोंडातून वाफ निघते, आणि याला घाम!

दुपारी नर्सबाईंच्या हातून मासळीचे दोन डबे पडले. ज्या हातांनी आयुष्यभर लोकांच्या शिरा अचूक शोधल्या, ते हात आज थरथरतात? पडले ते पडले, पण एक डबा नीट चेपला नव्हता, तो त्यांनी उचलून पुन्हा पाडला. मी बघितलं. मी बघितल्याचं त्यांनीही बघितलं.

आणखी एक. पडतो तो माल सगळा चांगला असतो. दुधाची पावडर, मासळी, तेल. घेवड्याचा एक डबा पडेल तर शपथ! आणि शेवटी नर्सबाईंनी एक पिठाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “ही पण चेपलीय, घेऊन जा.”

“पिठाची पिशवी कशी चेपेल?”

“तीस वर्षं मी नाडी बघितलीय,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मला चेपणं शिकवू नका.”

घरी हिला म्हटलं, “हे मुद्दाम चाललंय. माझी योजना हाणून पाडायला निघालेत दोघं. शुक्रवारी अध्यक्षांची बैठक आहे, तिथे मी हे मांडणार. आणि कुणी काही घरी न्यायचंच नाही, असा ठराव करून घेणार. मीसुद्धा नाही. नाहीतर उद्या लोक म्हणतील, काम करणारेच डबे चेपून घर भरतात.”

ही पीठ चाळत होती. चाळण थांबली. “अहो, नका ना. तुमचं काय जातं?”

“तत्त्व जातं.”

“तत्त्वाला काय लावून खातात हो?” असं ही पहिल्यांदाच बोलली. मी त्यावर मोठं व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं आणि चाळणीतून खाली पडलेलं चिमूटभर पीठ बोटाने गोळा करून डब्यात टाकलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बैठक गाजवली. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना माणसापेक्षा नियम जास्त आवडतात. माझं म्हणणं ऐकून ते मान डोलवत राहिले. नर्सबाई म्हणाल्या, “सगळ्याच गोष्टी ठरावाने होत नाहीत.” पैलवान म्हणाला, “साहेब, बसा खाली. हात जोडतो, बसा.” पण मी बसलो नाही. ठराव मंजूर झाला. सोमवारपासून चेपलेले डबे पुरवठा करणाऱ्या दुकानांना परत जातील. काम करणाऱ्यांनी काहीही घरी न्यायचं नाही.

निघताना नर्सबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. हरलेल्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

हिला सांगितलं. “छान केलंत,” म्हणाली आणि आत जाऊन शिवणयंत्र चालवत बसली. हल्ली शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवायचा तिला छंदच लागलाय.

सोमवार, ३ मार्च

घरात कमालीची शांतता. रोज सूपच. मी म्हटलं, जरा दाट कर. ही म्हणाली, “करते, गुरुवारी.”

गुरुवार, ६ मार्च

मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, लिहून काढतो.

वाटप चालू होतं. मी टेबलामागे, ॲप्रन घालून, रुबाबात. टोपीवाल्या आजींना न सांगता वाटाणे दिले. त्या बाजूला होत म्हणाल्या, “माझ्या मागची बाई पहिल्यांदाच आलीय हो. लाजतेय बिचारी. जरा चांगलं बघून द्या.”

मी मान वर न करता म्हटलं, “या, पुढे या.” पुढे ही उभी होती.

मला वाटलं, मी घरी काही विसरलो. म्हटलं, “काय गं, चष्मा?” चष्मा डोळ्यांवरच होता.

“नाही,” ही म्हणाली. बाहेर जायचा कोट घातला होता, केस नीट विंचरले होते. “घरात दोन माणसं आहेत. पीठ हवंय, तेल हवंय. घेवडा चालेल.”

आधी रागच आला. हिला काय वेड लागलंय, चारचौघांत माझी शोभा करते, असं वाटलं. मग एकेक गोष्ट डोक्यात शिरायला लागली. मी सातांचे तीन केलेले ते डबे. तो वाणी. त्या बांगड्या. ‘मघाशीच खाल्लं.’ थंडीत घाम आलेला पैलवान. पिठाची चेपलेली पिशवी. महिनाभर मी या पेढीत उपकार करत नव्हतो. माझ्या घरी माझ्याच हातून जेवण पाठवलं जात होतं, आणि ते बंद व्हावं म्हणून मी अंगठा ठेचून घेतला होता, भाषण केलं होतं, ठराव करून घेतला होता.

मागची रांग खोळंबली.

“घरी चल,” मी हळूच म्हटलं. “आपण बघू काहीतरी.”

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा होता. ती तितक्याच हळू म्हणाली, “तुम्हाला उपाशी राहायचं असेल तर राहा. मला भूक लागलीय.”

मी पिशवी भरली. पीठ, तेल, दुधाची पावडर. वाटाणे घेतले, मासळी घेतली. घेवडा ठेवला नाही. पिशवी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. ती “आभारी आहे” म्हणाली, कुठल्याही अनोळखी माणसाला म्हणावं तसं, आणि गेली. पैलवान तिच्यामागे गेला आणि त्याने पिशवी उचलून घेतली.

उरलेली रांग मी कशी संपवली, मला आठवत नाही. नंतर नर्सबाई चहा घेऊन आल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“तुमच्या मेहुण्याची पोती परत गेली, त्या दिवशीच तिचा फोन आला होता. काही पेशंट कडू औषध घेत नाहीत. मग ते कशात तरी मिसळून द्यावं लागतं.” त्यांनी चहा पुढे केला. “तुम्ही मात्र असले पेशंट, की औषधाची बाटलीच फोडून टाकलीत.”

हसू आलं मला. ते नीट पुरं झालं नाही, मधेच त्याचं भलतंच काहीतरी झालं. नर्सबाईंनी भिंतीकडे तोंड करून फळीवरचे वाटाणे मोजायला घेतले. मी म्हटलं, मी उद्यापासून येत नाही, कुठल्या तोंडाने येऊ? त्या म्हणाल्या, “याच तोंडाने. फळ्या कोण बघणार? इथे घेणाऱ्याने देऊ नये असा नियम नाही, आणि आता तुम्ही कृपा करून तो करूही नका.”

घरी गेलो. हिने दोन ताटं वाढली होती. बसलो. घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. ती बघत होती, आणि मी जेवतो की नाही हे बघायला तिने स्वतःचा घास हातात तसाच धरून ठेवला होता. मग मी जेवलो. दुसऱ्यांदा मागून घेतलं. ती उपाशी असताना तिला वजनाचं वेड लागलंय असं मी धरून चाललो, आणि तीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिला एकटीला करावं लागलं, याची फार लाज वाटली. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, “आधी जेवा, मग लाजा.”

गुरुवार, १३ मार्च

पेढीत पोहोचलो तो ॲप्रन न घालता. टेबलामागे आज नवीन माणूस होता, तेच ते कोटवाले गृहस्थ. नर्सबाईंनी त्यांनाही गाठलेलं दिसतंय. ते मोठ्या उत्साहाने डबे तपासत होते आणि पैलवान त्यांच्या अगदी शेजारी, हातात पेटी धरून उभा होता. अध्यक्षांचा तो ठराव कुठे गेला म्हणून मी विचारलं. पैलवान म्हणाला, “नर्सबाईंनी अध्यक्षांचं ब्लडप्रेशर तपासलं आणि मागे घ्यायला लावला.”

मी मुकाट्याने रांगेकडे गेलो. फाटकाशी पोहोचेपर्यंत मान खाली होती. टोपीवाल्या आजींनी मला बघितलं आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आले बाई एकदाचे! आम्ही म्हणतच होतो, हे कधी येतात.”

म्हणजे रांगेलाही ठाऊक होतं. मी सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ही माझ्याआधी घरातून निघाली होती. रांगेच्या मध्यावर उभी होती, पुढच्या माणसापासून जरा अंतर ठेवून. माझ्यासाठी जागा धरली होती तिने. मी तिथे जाऊन शिरणार, इतक्यात आजी ओरडल्या, “ओ, इथे जागा धरून ठेवणं चालत नाही! ओळखीची माणसं असली म्हणून काय झालं?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

मग आम्ही दोघं शेवटी जाऊन उभे राहिलो.